बिनप्रार्थनेचा रोल

शांतवनभाऊ, रडणं नंतर. आधी कबुली देते. तुम्हाला खोटा आकडा बिलकुल चालायचा न्हाई, आन् माझ्या हातचा एक खोटा आकडा या घडीला माझ्यासमोर टेबलावर पडलाय. शंभरात शहाऐंशी. पिवळं कार्ड, निळी शाई, खाली माझी सही. हाच आकडा घेऊन मी तुमच्याकडं पळत आल्ते. तुम्ही म्हणालात, "दुसऱ्याकडून मोजून घ्या." मी घेतलं न्हाई, आन् तीन दिवसांनी तुम्ही गेलात.

आज नऊ दिवस झाले तुम्हाला पुरून. 'पुरून' हा शब्द माझ्या हातातून सहज उतरेना. आमच्यात जाळतात. पुरणं म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर माणूस येतच न्हाई, बी येतं. त्यात माझी काय चूक? सत्तावीस वर्षं तुमच्या शेजारच्या स्टुलावर बसून मी दुसरं केलंय काय? जालन्यातल्या एका बियाणे कंपनीची लॅब, आन् तिच्यात आपण दोघं. शंभर दाणे ओल्या कागदावर ओळीनं मांडायचे, कागदाची गुंडाळी करायची, तिला आपण रोल म्हणायचो. तो रोल एकसारखी ऊब धरणाऱ्या कॅबिनेटमध्ये उभा करायचा आन् आठव्या दिवशी उलगडून बघायचं, किती उगवले. पिशवी शेतकऱ्याच्या हातात जायच्या आधी बियाण्याला कुणीतरी खरं काय ते विचारायचं असतं. ते आपण विचारायचो.

मी केदारखेड्याची, नुकती बीएस्सी झालेली, तोंडानं फटकळ. पहिल्याच दिवशी तुम्ही चष्मा शोधत होतात. मला म्हणालात, "ताई, खणातलं शास्त्र द्या जरा." मी खण उघडला. दोन जाडजूड पुस्तकं, एकावर एक. वर बीज परीक्षणाच्या नियमांचं, खाली काळ्या कव्हराचं. मला वाटलं, शास्त्र म्हणजे शास्त्र, आम्ही शाळेत शिकलो ते. मी नियमांचं पुस्तक काढून दिलं. तुम्ही ते उलटं धरून झटकलं आन् हसायलाच लागलात. "यात न्हाई. खालच्या शास्त्रात आहे चष्मा." सकाळी वाचता वाचता काळ्या पुस्तकात राहिल्ता. तुमच्या मंडळीत बायबललाच शास्त्र म्हणतात हे मला कुठं ठाऊक! मी म्हटलं, "एका खणात दोन शास्त्रं? भांडत न्हाईत का?" तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "अजून तर आवाज आला न्हाई."

तेव्हापासून तुम्ही 'शास्त्रात असं आहे' म्हणालात की मी विचारायची, "वरच्या की खालच्या?" सत्तावीस वर्षं हा एकच विनोद आपल्याला पुरला. परवा खण उघडला तर खालचं शास्त्र वहिनी घेऊन गेल्या होत्या. वरचं एकटंच होतं, आन् मला त्याची दया आली. पुस्तकाची दया! काय वेळ आणली तुम्ही माझ्यावर.

पहिल्या वर्षाचा तो सोयाबीनचा लॉट तुमच्या लक्षात असणारच. सत्तरच्या खाली आलं की नापास. मालक दोनदा दारातून डोकावून गेल्ते, त्यांना तो लॉट पाहिजे होता. मी मोजलं, सत्तर आलं, मी खुशीत. तुम्ही म्हणालात, "आकडा सांगू नका मला," आन् रोल स्वतःपुढं ओढला. ही तुमची रीत. शंका आली की दुसऱ्यानं मोजायचं, आन् पहिल्याचा आकडा त्याच्या कानावर पडू द्यायचा न्हाई. तुम्ही चिमट्यानं एकेक कोंब उचलत गेलात आन् दोन बाजूला काढून ठेवले. "ताई, यांना मूळच न्हाई. वर हिरवं दिसतंय, खाली काही न्हाई."

"दोनानं काय होतंय भाऊ?"

"काही होत न्हाई. पण तुम्हाला ते दिसले होते का न्हाई, तेवढं सांगा."

दिसले होते. मला ते बराबर दिसले होते. मी त्यांना उगवलेल्यांत ढकललं कारण मला सत्तर पाहिजे होते. तुम्ही ओरडला न्हाईत. एवढंच म्हणालात की ज्याला आकडा पाहिजे असतो त्यानं त्या दिवशी मोजायला बसू नये, उठून चहा प्यावा. मंग मी रबर शोधायला लागले तर तुम्ही माझा हात धरला. "खोडायचं न्हाई. सत्तरवर एक सरळ रेघ मारा, सत्तर वाचता आले पाहिजेत. बाजूला अडुसष्ट लिहा. सही करा." मी म्हटलं, "म्हणजे माझी चूक सगळ्या जगाला दिसणार." तुम्ही म्हणालात, "दिसू द्या की. आमच्याकडं पण असंच आहे. झाकून ठेवल्यावर माफी कशाची मागायची?"

तो लॉट परत गेला. मालक आठ दिवस तुमच्याशी बोलले न्हाईत. तुम्हाला त्याचं काही वाटलं न्हाई, मला मात्र वाटलं. मी त्या दिवशी जे काय शिकले त्याच्यावर माझी सगळी नोकरी उभी आहे. हे मी तुम्हाला कधी सांगितलं न्हाई, कारण सांगितलं असतं तर तुम्ही ते श्रेय लगेच वर पाठवून दिलं असतं, आन् मला ते तुमच्याकडंच ठेवायचं होतं.

देवाच्या नावानं मी एवढी का पेटते ते तुम्हाला माहीत होतं. माझी आई काविळीनं गेली. गळ्यात माळ घातली, कपाळाला अंगारा लावला, आन् दवाखाना राहूनच गेला. माळ लांबत जाईल तशी कावीळ उतरते म्हणायचे. माळ पोटापर्यंत आली, आईचे डोळे हळदीसारखे झाले आन् ती गेली. तवापासून कुणी हात जोडले की माझं डोकं फिरतं. आन् माझ्या नशिबी शेजारी बसायला कोण? रोज सकाळी लॅब उघडली की पंखा लावायच्या आधी कॅबिनेटसमोर उभं राहून डोळे मिटणारा माणूस.

मी तुम्हाला काय काय बोलले न्हाई! सहा दिवसांत जग झालं म्हणे, आन् इथं साध्या सोयाबीनला आठ दिवस लागतात. तुम्ही शांतपणे कागद भिजवत म्हणायचात, "मला त्या आठवड्यात मोजायला बोलावलं न्हवतं, ताई." मी म्हणायची, "मंग मानता कशाला?" एकदाच तुम्ही चिमटा खाली ठेवून नीट उत्तर दिलं. म्हणालात, "हाच कागद, हेच पाणी, हीच उष्णता दिली की बी तसंच वागतं ना? इथं तसंच आन् जपानात तसंच. मी ज्याला मानतो तो शब्दाचा पक्का आहे. आज एक आन् उद्या एक करणारा लहरी देव असता तर मी ही नोकरी कवाच सोडली असती. लहरी मालकाच्या घरी मोजमाप चालत न्हाई."

"मंग चमत्कार?"

तुम्ही चिमटा परत उचललात. "ते मलाबी जड जातं," म्हणालात. मला वाटलं जिंकले. घरी जाताना मात्र वाटलं, मी जर कधी असं 'मला जड जातं' म्हटलं असतं तर किती बरं झालं असतं.

आन् आपलं कायमचं भांडण म्हणजे तो दाणा. तुमच्या वचनात आहे ना, दाणा मातीत पडून मरतो तेव्हाच त्याचं पीक होतं, अशा अर्थाचं. मी सोडायची न्हाई. "तुमच्या येशूला लॅबमध्ये आणा एकदा. मेलेलं बी उगवत न्हाई, कुजतं. बुरशी धरते. दाबलं की पाणी सुटतं." तुम्ही मान हलवायचात, "बराबर आहे. मेलेल्याच्या रकान्यात मीच लिहितो ना रोज." मंग म्हणायचात, "पण ते बोलणारा बियाण्याचा रिपोर्ट देत न्हवता, ताई. मरायला निघाल्ता. मरायला निघालेल्या माणसाचं बोलणं चिमट्यानं धरता येत न्हाई." मी म्हणायची, "पळवाट!" तुम्ही म्हणायचात, "असेल." हे भांडण आपण वर्षातून चार वेळा तरी करायचो आन् प्रत्येक वेळी चहा थंड व्हायचा.

एकदा मात्र मी तुम्हाला पकडलंच असं मला वाटलं. म्हटलं, "भाऊ, चाचणी लावू. एकाच लॉटचे दोन रोल. एकावर तुम्ही प्रार्थना करा, दुसरा तसाच. आठव्या दिवशी मोजू. होऊन जाऊ द्या."

तुम्ही हसलात. "माझ्या रोलात दोन जास्त आले तर मालक बियाणं वाळवायचं सोडून मलाच कॅबिनेटमध्ये उभं करतील."

"टाळू नका."

"टाळत न्हाई. पण तुमचा कंट्रोल कुठंय? ज्याला काहीच केलेलं न्हाई असा रोल लागतो ना तुलनेला? मी तर सकाळी दार उघडताना सगळ्या कॅबिनेटसाठी मागून मोकळा झालो. उशीर झाला तुम्हाला."

"मंग उद्या एक रोल सोडून मागा."

"कोणता सोडू? तुम्ही बोट दाखवा."

मी कॅबिनेटकडं बघत राहिले. बोट उचललं न्हाई. का न्हाई उचललं, देव जाणे. बघा, माझ्याबी तोंडात येतो मेला. तुम्ही म्हणालात, "एवढी मोठी लॅब, पण बिनप्रार्थनेचा रोल तुम्हाला मिळायचा न्हाई इथं." मी म्हटलं, ही चाचणी सुरू व्हायच्या आधीच तुम्ही बिघडवून ठेवलीय. तुम्ही म्हणालात, "पहिल्याच दिवशी."

दिवाळीनंतर एका सकाळी तुम्ही खिडकीपाशी रोल उलगडत होतात. तुम्ही मान वर केली आन् मला तुमच्या डोळ्यांचं पांढरं पिवळं दिसलं. माझ्या हातातला चिमटा खाली पडला. मी काही बोलायच्या आधी तुम्हीच म्हणालात, "घाबरू नका ताई. माळ न्हाई घालणार." असं कुणी बोलतं का हो? माझी आई तुम्ही कधी बघितलेली न्हाई, आन् स्वतःचे डोळे पिवळे झालेले असताना तुम्हाला तिची आठवण.

पोटातली गाठ निघाली. बाहेरून आलेला कुणी उपदेशक घरी येऊन म्हणाला, औषधं सोडा, नुसता विश्वास धरा. तुम्ही, आवाज न चढवणारा माणूस, त्याला दारापर्यंत घालवून आलात. "डोळे मिटायचे ते प्रार्थनेला. रिपोर्ट वाचताना उघडे ठेवायचे असतात." मार्थावहिनींनी मला हे सांगितलं तेव्हा मी त्यांच्या स्वयंपाकघरात हुंदके देऊन रडले. माझ्या आईपाशी असा एक माणूस पाहिजे होता. एकच.

डॉक्टरला तुम्ही विचारलंत, "किती?" तो म्हणाला, चार-पाच महिने. तुम्ही मान हलवलीत, एखादा लॉट नापास झाल्यावर हलवायचात तशी. मी शेजारीच उभी होते. मला तुमचा एवढा राग आला! म्हटलं, भांडा की तुमच्या देवाशी! एवढी वर्षं त्याच्यासमोर रोज उभं राहताय, एकदा तरी स्वतःसाठी मागा की! तुम्ही म्हणालात, "मागतोय ना. मागतोय म्हणून आकडा बदलून वाचू का?"

आता ऐका.

वैशाखातली गोष्ट. तुम्ही घरी अंथरुणाला खिळलेले, मी लॅबमध्ये एकटी. पेरणीच्या आधीचे दिवस, कॅबिनेट सोयाबीननं गच्च भरलेलं. त्यातल्याच एका लॉटचे मी दोन रोल जास्तीचे लावले. दोन्हींवर शंभर-शंभर दाणे, तेच पाणी, तीच फळी. मंग दार लोटून घेतलं आन् एका रोलवर हात ठेवला. मला येत न्हाई हो ते. 'आमच्या बापा' वगैरे तुमचं काही येत न्हाई. मी म्हटलं, "शांतवनच्या देवा, याच्यातलं जास्त उगवू दे. जास्त उगवलं तर त्यांना ठेव." दुसऱ्या रोलला शिवलेसुद्धा न्हाई.

याला काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. चाचणी न्हवती ती. कौल होता, कौल. माझी आई मूठभर ज्वारी घेऊन जोडीजोडीनं दाणे मोजायची; सगळ्यांची जोडी लागली तर देवाचा होकार, एक उरला तर नकार. तिच्या त्या ज्वारीला मी आयुष्यभर नावं ठेवली, आन् तिच्याच पायरीवर जाऊन बसले. फरक एवढाच की माझ्या अंगात पांढरा कोट होता.

आठव्या दिवशी उलगडलं. आधी दुसरा रोल मोजला. पंच्याऐंशी. मंग हात ठेवलेला. चौऱ्याऐंशी. एका दाण्यानं काहीच ठरत न्हाई, हे मी झोपेतसुद्धा सांगेन. पण त्या दिवशी मला तो एक दाणा म्हणजे तुम्ही वाटलात. मी परत बघायला लागले. बाजूला काढलेल्यांत दोन कोंब होते, वर हिरवे, खाली मूळ न्हाई. मी चहा प्यायला उठले न्हाई, भाऊ. मी ते दोन उचलून उगवलेल्यांत ठेवले. शहाऐंशी. कार्डावर लिहिलं, सही ठोकली, रोल पिशवीत घालून फ्रिजमध्ये टाकला आन् भर उन्हात तुमच्या घरी आले.

तुमचे हात चादरीवर होते, अगदी हलके झालेले. मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही बरे होणार."

"कशावरून?"

"माझ्याकडं आकडा आहे."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. त्या पिवळ्या डोळ्यांनीसुद्धा तुम्हाला बराबर दिसायचं. "कुणी मोजला?"

"मीच."

"दुसऱ्याकडून मोजून घ्या, ताई."

मी म्हटलं, घेते उद्या. तुमचं आन् माझं शेवटचं बोलणं हे. सत्तावीस वर्षांच्या मैत्रीत शेवटचं वाक्य माझं, आन् ते खोटं. मी मोजून घेणार न्हवते. मला पाहिजे होता तो आकडा माझ्याकडं होता.

गुरुवारी वहिनींचा फोन आला. शुक्रवारी दफनभूमीत पाळकसाहेबांनी वचन वाचलं. कोणतं वाचलं असेल? तेच, दाण्याचं. माझ्या हातात माती होती आन् माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, मेलेलं बी उगवत न्हाई. सवयीनं मी तुमच्याकडं बघितलं, तुम्ही 'बराबर आहे' म्हणाल म्हणून. पेटीचं झाकण लावलेलं होतं. मी मूठमाती दिली आन् बाजूला झाले. लोक मला सावलीत नेऊन पाणी पाजत होते. मला पाणी नको होतं, मला भांडायचं होतं.

बुधवारी मी फ्रिजमधला तो रोल घेऊन वहिनींकडं गेले. कार्ड पर्समध्ये दडवलं. वहिनी सीझनला आपल्याकडं मोजणीला यायच्या, त्यांचा हात मला माहीत होता. म्हटलं, "वहिनी, एवढं मोजून द्या. आकडा मी सांगणार न्हाई." त्यांनी काही विचारलं न्हाई. ओटा पुसला, चष्मा लावला, बसल्या. कोंब थोडे पिवळे पडले होते पण मुळं स्पष्ट होती. शेवटी त्यांनी दोन बाजूला काढले आन् बोटानं उलटे करून मला दाखवले. "हे धरायचे न्हाईत ताई. खाली काही न्हाई यांना." चौऱ्याऐंशी.

मंग मी सगळं सांगितलं. दोन रोल, एकावर हात, दुसरा कोरा, आन् ते दोन कोंब. मला वाटलं त्या रागावतील, न्हाईतर जवळ घेतील. त्यांनी विचारलं, "दुसरा कोणता?"

"दुसरा म्हणजे कंट्रोल. बिनप्रार्थनेचा."

वहिनींनी चष्मा काढला. "बिनप्रार्थनेचा कसा असेल? रोज सकाळी लॅब उघडायच्या टायमाला ते मला उठवून बसवायला लावायचे. बसता येईना तेव्हा पडल्या पडल्या. शेवटच्या गुरुवारीबी केली. कॅबिनेटमधलं सगळं तुझ्या हातात घे म्हणायचे. आन् तुमचं नाव घ्यायचे."

"माझं? काय म्हणून?"

"ताईला जे आहे ते बराबर दिसू दे. एवढंच. रोज तेच."

मी ओट्यावरचे ते दोन कोंब कागदात गुंडाळले.

म्हणजे मी गुपचूप ते दोन कोंब इकडचे तिकडं करत होते, त्याच सकाळी तुम्ही तिकडं अंथरुणात माझ्या डोळ्यांसाठी मागत होतात. स्वतःच्या पोटातली गाठ सोडून! आन् माझे डोळे काही बिघडले न्हवते, भाऊ. मला दिसले होते ते दोन. तुमची प्रार्थना बराबर पोचल्ती, मीच तोंड फिरवलं.

मी तुमच्या देवाला अजून मानत न्हाई. आता रडून राह्यले म्हणून मानते असं लिहिलं तर तोसुद्धा एक ढकललेला कोंब होईल, आन् तुम्ही तो चिमट्यानं बाजूला काढाल. पण एक गोष्ट मला कळली, ती लिहिते. मी समजत होते की विश्वास ठेवणारा माणूस आकड्याला घाबरतो. आपल्या दोघांत घाबरले ती मी. तुमचं सगळं असणं आकड्याच्या पलीकडं कुठंतरी टांगलेलं होतं, म्हणून तुम्ही तो उघड्या डोळ्यांनी वाचू शकलात. माझ्याकडं आकड्याशिवाय काही न्हवतं, म्हणून मी त्यात हात घातला. हे तुम्ही जिवंत असताना मला कळलं असतं तर मी नक्कीच काहीतरी खुसपट काढून तुमच्याशी भांडले असते, आन् चहा थंड झाला असता.

आता कार्ड. शहाऐंशीवर एक सरळ रेघ मारलीय. वाचता येतायत. बाजूला चौऱ्याऐंशी लिहिलं, सही केली. सही वाकडी आलीय, पण माझीच आहे. खाली शेऱ्याची जागा असते. तिथं लिहिलंय, चाचणी बाद, कंट्रोल मिळाला न्हाई. तुम्ही असता तर 'न्हाई'चं 'नाही' करायला लावलं असतं.

उद्या सोमवार. तुम्ही गेल्यानंतरचे पहिले नवे रोल लावायचेत, सोयाबीनचेच. मी कुलूप काढीन, पंखा लावीन, आन् कॅबिनेटसमोर कुणी उभं नसेल. तुमच्या घरातूनबी आता त्या टायमाला कुणी माझ्या डोळ्यांसाठी काही मागणार न्हाई. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मला खरा कंट्रोल मिळेल, शांतवनभाऊ, सगळेच्या सगळे रोल बिनप्रार्थनेचे.

मला ती चाचणी घ्यायची न्हाई.